बाहेरच्या भिंतीचा रंग : एका निवडीचा आढावा

घर उभे राहिले, गिलावा वाळला, दारे-खिडक्या बसल्या आणि गृहप्रवेशाचा मुहूर्त जवळ येऊन ठेपला, म्हणजे बाहेरच्या भिंतींस कोणता रंग द्यावा हा प्रश्न मालकापुढे येतो. आणि तोवर गाठीचा पैसा व मनाचा उत्साह ही दोन्ही बरीचशी सरलेली असल्यामुळे त्याचा निकाल बहुधा घाईने लागतो. छटा कोणती असावी यावर घरातील वडीलधाऱ्यांपासून शाळकरी मुलांपर्यंत सर्वांचे मत घेतले जाते आणि रंगाच्या दुकानातून आणलेली छटापत्रके पुन्हा पुन्हा चाळली जातात. परंतु तो रंग कोणत्या जातीचा असावा आणि तो आपल्या भिंतीस मानवेल की नाही, याचा निर्णय मात्र मक्तेदारावर सोपविला जातो. वस्तुतः छटा चुकली तर ती काही काळ डोळ्यांस खटकते एवढेच; जात चुकली तर भिंतच बिघडते, आणि तो बिघाड दुसरी छटा लावून दुरुस्त होत नाही. म्हणून बाजारात आज उपलब्ध असलेल्या बाह्य रंगांच्या प्रमुख जातींचे गुणदोष क्रमाने पाहून, महाराष्ट्र व गोवा येथील हवामानात आणि येथील नानाविध भिंतींवर त्यांपैकी कोणती कोठे योग्य ठरते, याचा विचार करण्याचे योजिले आहे.

कोणत्याही रंगात सामान्यतः चार घटक असतात. छटा देणारे रंगद्रव्य, अंग भरणारे खडूसारखे पूरक द्रव्य, ही सर्व सामग्री भिंतीस धरून ठेवणारे बंधक, आणि लावताना प्रवाहीपणा देऊन नंतर उडून जाणारा द्रव. यांपैकी रंगाची जात ठरते ती बंधकावरून. चुन्यात चुना स्वतःच बंधक असतो, सिमेंटच्या रंगात सिमेंट, तैलरंगात जवसासारखे वाळणारे तेल, आणि ज्याला आपण व्यवहारात प्लॅस्टिक रंग किंवा इमल्शन म्हणतो त्यात पाण्यात विखुरलेले कृत्रिम राळेचे सूक्ष्म कण. बाहेरच्या भिंतीवर या बंधकास चार शत्रूंशी झुंजावे लागते: पावसाचे पाणी, सूर्यप्रकाशातील अतिनील किरण, ताज्या गिलाव्यातील तीव्र अल्कता, आणि ओलाव्यावर पोसणारी शेवाळ व बुरशी. समुद्रकाठी त्यांत खाऱ्या वाऱ्याची भर पडते.

यांपैकी पाण्याचा प्रश्न सर्वांत मोठा आणि सर्वांत गैरसमजुतीचा आहे. रंगाने पाणी आत येऊ देऊ नये, एवढीच अपेक्षा सामान्यतः ठेवली जाते. परंतु भिंतीत पाणी केवळ रंगातून शिरत नाही. ते जोत्याखालच्या जमिनीतून केशाकर्षणाने वर चढते, स्वयंपाकघर आणि न्हाणीघर यांतील बाष्पाच्या रूपाने आतून येते, गच्चीच्या व छज्ज्याच्या फटींतून वरून उतरते. या पाण्यास बाहेर पडण्याची वाट बाष्परूपानेच मिळावयाची असते, आणि ती वाट रंगाच्या थरातून जाते. जर्मन भौतिकविज्ञ हेल्मुट कुन्झेल यांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बाह्य भिंतींच्या संरक्षणाचा जो सिद्धांत मांडला, त्याचे सार हेच आहे, की पावसात शोषले जाणारे पाणी आणि कोरड्या दिवसांत बाहेर जाऊ शकणारे बाष्प या दोहोंचा मेळ बसला पाहिजे. एकाच गुणाची पराकाष्ठा उपयोगाची नाही. धनगराची घोंगडी पाऊस झेलते आणि अंगाचा दमटपणाही बाहेर जाऊ देते, मेणकापड मात्र बाहेरचे पाणी अडविताना आतला घाम आतच कोंडते. भिंतीच्या रंगांतही हाच भेद आहे. पुढील सर्व विवेचन याच कसोटीवर केले आहे.

जातींचा विचार चुन्यापासूनच सुरू केला पाहिजे, कारण तो सर्वांत जुना असूनही त्याचा अधिकार अजून संपलेला नाही. चुनखडी, किंवा कोकणपट्टीत आणि गोव्यात समुद्राचे व खाडीचे शिंपले, सुमारे ९०० अंश सेल्सिअस उष्णतेवर भाजले, की त्यांतील कर्बवायू निघून जाऊन कळीचा चुना उरतो. तो पाण्यात विरवून, मुरवून, वस्त्रगाळ करून भिंतीस लावला, म्हणजे हवेतील कर्बवायू पुन्हा शोषून त्याची भिंतीवरच चुनखडी बनते. ज्या दगडापासून आरंभ केला त्याच दगडाची पातळ कवची अशा रीतीने भिंतीस चिकटते, आणि ती भिंतीचाच अंश बनल्यामुळे तिचे पापुद्रे निघत नाहीत. ती झिजते, पण फुगत नाही. चुन्याची तीव्र अल्कता बुरशीस वाढू देत नाही आणि त्याचा सच्छिद्र थर बाष्पास मोकळी वाट देतो. थर खडूसारखा हाताला लागू नये म्हणून त्यात डिंक, मीठ किंवा तुरटी घालण्याची रीत फार जुनी आहे, आणि पांढरेपणास उजाळा यावा म्हणून किंचित नीळ घालतात. मात्र त्यात मिसळावयाची रंगद्रव्ये अल्कतेस टिकणारीच असावी लागतात: गेरू, पिवडी आणि लोहाचे इतर भस्मरंग, तसेच नीळ चालते, प्रशियन निळ्यासारखा रंग चुन्यात नासून जातो. छटांची निवड त्यामुळे मर्यादित होते. पण जुन्या गावांच्या रस्त्यांस जी एकसूत्री शोभा होती, ती या मर्यादेतूनच आली होती.

चुन्याचा दोष उघड आहे. जोराच्या पावसात तो धुपतो आणि जेथे पावसाची झड थेट लागते तेथे तो दरवर्षी द्यावा लागतो. पूर्वी दसरा-दिवाळीच्या सुमारास घराघरांत सफेदी होत असे, आणि ते काम घरच्या माणसांच्या हातचे असल्यामुळे त्याचा खर्च जाणवत नसे; आज मजुरीचा दर आणि उंच इमारतीवरील परांचीचा खर्च लक्षात घेता दरवर्षीची सफेदी बहुमजली इमारतीस परवडत नाही, हे मान्य केले पाहिजे. शिवाय तो लावण्याचे एक तंत्र आहे: भिंत आधी पाण्याने भिजविली पाहिजे, हात पातळ आणि अनेक दिले पाहिजेत, आणि रणरणत्या उन्हात काम करता कामा नये, कारण ओलावा एकदम उडाला तर कर्बवायू शोषण्याची क्रिया अपुरी राहून थर भुकटीसारखा सुटतो. हे तंत्र जाणणारे रंगारी विरळ होत चालले आहेत, आणि चुन्याविषयीच्या पुष्कळशा तक्रारी वस्तुतः या अज्ञानाच्या तक्रारी आहेत.

डिस्टेंपरविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. खडूची भुकटी सरसात किंवा तैलयुक्त पायसात बांधून केलेला हा रंग घराच्या आत शोभतो. बाहेर तो एका पावसाळ्यात ओघळतो. तो स्वस्त पडतो म्हणून व्हरांड्याच्या किंवा जिन्याच्या बाहेरील भिंतीस लावण्याचा मोह होतो, तो आवरावा.

सिमेंटच्या रंगाचे तसे नाही. पांढऱ्या पोर्टलंड सिमेंटमध्ये रंगद्रव्य आणि जलरोधक द्रव्ये मिसळून केलेली ही भुकटी स्वातंत्र्योत्तर काळात महाराष्ट्रातील शाळा, चाळी, सरकारी वसाहती आणि सहकारी गृहनिर्माण संस्था यांच्या भिंतींवर इतकी सर्वत्र पसरली, की ‘स्नोसेम’ हे एका उत्पादनाचे नाव त्या सबंध जातीचे नाव होऊन बसले. भारतीय मानक संस्थेने तिच्यासाठी स्वतंत्र मानकही केलेले आहे. या रंगाची ताकद सिमेंटच्या जलसंयोगात आहे, आणि म्हणून त्याचे यश सर्वस्वी पाण्यावर अवलंबून असते: भिंत आधी भिजविणे, भुकटी पाण्यात कालविल्यावर तासाभराच्या आत वापरून टाकणे, आणि थर पकडल्यावर पुढे काही दिवस त्यावर पाणी मारीत राहणे ही तिन्ही कर्तव्ये पाळली तर तो खरबरीत, कणखर आणि बाष्पास बऱ्यापैकी वाट देणारा थर बनतो. पाणी मारण्याचे काम टाळले, तर तोच रंग वर्षभरात हाताला लागू लागतो. जुन्या चुन्यावर, डिस्टेंपरवर, तैलरंगावर, लाकडावर किंवा लोखंडावर तो धरत नाही. ताज्या सिमेंट-गिलाव्यावर तो उत्तम. त्याच्या छटा मात्र फिक्या व मोजक्या, आणि त्याच्या खरबरीत अंगावर धूळ व शेवाळ लवकर बसते. सर्वांत कमी खर्चात नव्या साध्या भिंतीचे संरक्षण करावयाचे असेल, तर तो आजही विचारार्ह आहे.

तैलरंगाचा इतिहास मोठा आहे. भारतातील रंगनिर्मितीच्या उद्योगाची उभारणीच बहुतांशी त्याच्यावर झाली. हावड्याचा शालिमार रंगांचा कारखाना १९०२ साली स्थापन झाला, मुंबईत लोअर परळ येथे १९२० साली गहागन पेंट्स ही कंपनी निघाली व तिचीच पुढे नेरोलॅक झाली, आणि १९४२ साली मुंबईतच एशियन पेंट्सचा उदय झाला. लाकूड आणि लोखंड यांच्यावर तैलरंग व त्याच्याच वंशातील सिंथेटिक एनॅमल आजही अव्वल दर्जाचे काम देतात. गज, जाळ्या, फाटके यांस गंज खरवडून तांबड्या ऑक्साइडचे अस्तर द्यावे आणि वर एनॅमलचे दोन हात द्यावेत, यापेक्षा अधिक शहाणपण त्या बाबतीत सांगण्याजोगे नाही. परंतु गिलाव्याच्या बाहेरील भिंतीस तैलरंग हा शत्रूच समजावा. ताज्या सिमेंटमधील अल्कता तेलाशी संयोग पावून त्याचा अक्षरशः साबण बनविते, थर चिकट होऊन गळतो, आणि जेथे असे घडत नाही तेथे त्याचे अभेद्य पटल आतले बाष्प कोंडून फोड आणते.

आता ज्या जातीने गेल्या दोन-तीन पिढ्यांत बाजार जवळजवळ व्यापला आहे, त्या इमल्शनकडे वळू. पाण्यात विखुरलेले राळेचे कण पाणी उडून गेल्यावर एकमेकांस भिडतात, मऊपणामुळे एकजीव होतात आणि त्यांचे लवचीक पटल बनते, हे त्याचे मूलतत्त्व. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत असे रंग प्रथम घरांच्या आतील भिंतींसाठी लोकप्रिय झाले, आणि १९५३ साली फिलाडेल्फियाच्या रोहम अँड हास कंपनीने रंगांसाठी निर्भेळ ॲक्रिलिक इमल्शन बाजारात आणल्यावर बाहेरच्या भिंतींचा मार्ग मोकळा झाला. या ‘निर्भेळ’ शब्दास येथे महत्त्व आहे. कारण इमल्शनच्या डब्यावर जे लिहिलेले असते ते सारे एकाच मोलाचे नसते. व्हिनाइल ॲसिटेटची राळ स्वस्त असते, पण गिलाव्याच्या अल्कतेत ती विघटित होते आणि म्हणून आतील भिंतींपुरतीच योग्य. स्टायरीन-ॲक्रिलिक पाणी चांगले अडविते आणि अल्कतेसही टिकते, पण तिच्यातील स्टायरीन अतिनील किरण शोषून कालांतराने पिवळट पडते व तिचा थर भुकटीसारखा सुटू लागतो. निर्भेळ ॲक्रिलिक या सर्वांत ऊन सर्वाधिक सोसते, रंग टिकविते, लवचीक राहते, आणि महागही असते.

किमतीतील दुसरा फरक पूरक द्रव्याच्या प्रमाणात असतो. डब्यातील घन पदार्थांत राळ कमी आणि खडू-मातीचा भाग एका मर्यादेपलीकडे अधिक झाला, की कणांमधील पोकळ्या भरावयास राळच पुरत नाही. असा थर प्रारंभी झाकणशक्तीत मोठा आकर्षक दिसतो, पण तो सच्छिद्र होतो, पाणी पितो आणि दोन पावसाळ्यांत हाताला लागतो. तिसरा फरक पांढऱ्या रंगद्रव्याचा. टायटॅनियम डायऑक्साइड हे आजच्या जवळजवळ प्रत्येक फिक्या रंगाचे अधिष्ठान आहे. त्याचे कारखानदारी उत्पादन पहिल्या महायुद्धाच्या सुमारास नॉर्वे आणि अमेरिका येथे सुरू झाले, आणि आपल्या देशात त्यासाठी १९४६ साली तिरुवनंतपुरम येथे कारखाना स्थापन झाला, कारण केरळच्या किनाऱ्यावर ज्या काळ्या इल्मेनाइट वाळूतून ते काढतात ती विपुल आहे. आपल्या रत्नागिरीच्या किनाऱ्यावरही ती वाळू सापडते. या द्रव्याच्या दोन स्फटिकरूपांपैकी ॲनाटेज हे उन्हात भोवतालची राळ जाळीत जाते आणि थर खडूसारखा करते. रुटाइल हे रूप तसे फारच कमी करते. बाहेरच्या रंगात रुटाइलच असावे लागते, आणि स्वस्त मालात काटछाट नेमकी येथे संभवते. म्हणून दहा लिटरचा एक डबा दुसऱ्याच्या निम्म्या किमतीस मिळतो तेव्हा त्यात नफा सोडलेला नसतो, राळ आणि रुटाइल सोडलेले असते, हे ग्राहकाने ओळखावे.

चांगल्या ॲक्रिलिक इमल्शनचे बाष्पवहन चुन्याइतके नसले तरी तैलरंगाहून पुष्कळच अधिक असते, आणि सिमेंटच्या विटांची किंवा काँक्रीटची, सिमेंट-गिलाव्याची आणि ओलरोधक थर असलेली भिंत त्याच्याखाली सुखाने राहते. आपल्या शहरांतील बहुसंख्य इमारती अशाच आहेत, आणि त्यांच्यासाठी तोच आजचा सर्वसाधारण योग्य पर्याय होय.

याहून वरच्या श्रेणीतील दोन जाती थोडक्यात सांगितल्या पाहिजेत. बव्हेरियाच्या आडोल्फ विल्हेल्म काइम यांनी १८७८ साली पोटॅशियमच्या जलकाचेपासून बनविलेल्या सिलिकेट रंगाचे पेटंट घेतले. हा रंग भिंतीवर पटल धरीत नाही; तो दगड व गिलावा यांतील खनिजांशी रासायनिक संयोग पावून त्यांच्याशी एकरूप होतो, बाष्पास जवळजवळ अडथळा करीत नाही, आणि त्यातील खनिज रंगद्रव्ये उन्हात विटत नाहीत. पण त्यास खनिज भिंतच लागते. जुन्या प्लॅस्टिक रंगावर तो बसत नाही. दुसरी जात सिलिकोन राळेच्या रंगांची: या थरावर पाणी पसरत नाही, थेंब बनून घरंगळते, आणि तरीही बाष्पास वाट राहते; कुन्झेल यांच्या कसोटीस उतरणारा हा बहुधा सर्वांत समतोल रंग. दोन्हींची किंमत आणि दुर्मीळता यांमुळे सामान्य घरमालकास ते सहज मिळत नाहीत, पण ऐतिहासिक वास्तूंच्या संदर्भात त्यांचा विचार टाळता येणार नाही.

उलट टोकास इलॅस्टोमेरिक रंग आहेत: जाड, रबरासारखे ताणले जाणारे, केसाएवढ्या भेगांवरून पूल बांधणारे. पश्चिमेकडून झड लागणाऱ्या उंच काँक्रीट इमारतीस त्यांचा उपयोग निश्चित आहे. परंतु ज्या भिंतीत आधीच ओल आहे, तिच्यावर हे जाड पटल चढविले म्हणजे पाण्याचे फुगे धरतात आणि हातभर लांबीचे पोपडे सुटतात. ‘गळतीवर उपाय’ म्हणून ते विकले जातात, तेव्हा गळती कोठून आहे हे आधी विचारले पाहिजे.

जातींचा असा आढावा घेतल्यावर प्रदेशांकडे पाहू, कारण महाराष्ट्र हा एका हवामानाचा मुलूख नव्हे. रत्नागिरीस वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास, महाबळेश्वरास पाच हजारांच्याही वर पाऊस पडतो. घाट उतरून पूर्वेस गेले, की सोलापूर-अहिल्यानगरकडे तो पाचशे ते सातशे मिलिमीटरवर येतो. आणि चंद्रपूरकडे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या वर चढतो. कोकणात नैर्ऋत्य आणि पश्चिम दिशांच्या भिंती चार महिने झड सोसतात, म्हणून तेथे पाणी अडविण्याचा गुण आणि शेवाळरोधक द्रव्य यांस प्राधान्य. शिवाय रंगाच्या आधी छपराची वळचण पुरेशी पुढे काढली पाहिजे, कारण पडवीस नारळाच्या झावळांची झापे बांधणाऱ्या जुन्या कोकण्यास जे कळले होते ते हेच, की पाऊस भिंतीवर आपटूच न देणे हा पहिला रंग होय. पर्जन्यछायेच्या प्रदेशात चुन्याचा व सिमेंटच्या रंगाचा टिकाऊपणा सहजच वाढतो आणि तेथे त्यांस नाकारण्याचे सबळ कारण उरत नाही. विदर्भात ऊन हाच मुख्य शत्रू, म्हणून फिक्या, परावर्तक छटा आणि निर्भेळ ॲक्रिलिक यांना प्राधान्य द्यावे.

आणि आता ज्या विषयासाठी हा आढावा मुख्यतः लिहावासा वाटला तो विषय: जुन्या भिंती. देशावरचे वाडे पांढरीच्या मातीचे, भाजलेल्या विटांचे आणि चुन्याने भरलेल्या सांध्यांचे आहेत. कोकणातील व गोव्यातील घरे जांभ्याची आहेत, आणि जांभा हा सच्छिद्र दगड पाणी पिणारा आणि ते हळूहळू सोडणारा आहे. या भिंतींत ओलरोधक थर नसतो. जमिनीतून चढणारा ओलावा अंगावाटे सोडून देत त्या शतक-दीड शतक उभ्या राहिल्या. त्यांच्यावर आधी सिमेंटचा कडक गिलावा आणि नंतर प्लॅस्टिक रंग चढविला, की ओलाव्याची वाट बंद होते. तो अधिक वर चढतो, विरघळलेले क्षार पटलाच्या मागे स्फटिकरूप होऊन लोणा धरतो, सांध्यांतील चुना भुसभुशीत होतो, तुळयांची भिंतीतील टोके कुजतात. मालक प्रत्येक वर्षी अधिक ‘जलरोधक’ रंग आणतो आणि प्रत्येक वर्षी नुकसान वाढते. पणजीच्या फोंतेन्यास वस्तीतील पिवळ्या, निळ्या, गेरव्या घरांची शोभा ज्या रंगांवर उभी राहिली, ते मूळचे चुन्याचेच रंग होते. पोर्तुगीज अमदानीत निव्वळ शुभ्र रंग देवळांसाठी म्हणजे चर्चसाठी राखण्याचा प्रघात असल्याचे सांगितले जाते, आणि घरांनी म्हणून चुन्यात माती-खनिजांच्या छटा मिसळल्या. अशा वास्तूंसाठी चुना, आणि ऐपत असेल तेथे सिलिकेट रंग, यांखेरीज दुसरा पर्याय सुचविणे योग्य होणार नाही. चुन्याकडून प्लॅस्टिककडे जाणारा मार्ग एकेरी आहे याचीही जाणीव ठेवावी: चुन्यावरून प्लॅस्टिककडे जावयास जुना चुना खरवडला की पुरते, पण प्लॅस्टिकवर चुना धरत नाही, आणि परत यावयाचे तर सबंध पटल, प्रसंगी गिलाव्यासकट, काढावे लागते.

जात ठरली तरी काम अर्धेच झाले. कारण बाहेरच्या रंगाचे आयुष्य डब्याइतकेच भिंतीच्या तयारीवर ठरते. नव्या सिमेंट-गिलाव्यास निदान चार आठवडे वाळू द्यावे, म्हणजे पाणी जाते आणि अल्कता उतरू लागते. जुन्या भिंतीवर तळहात फिरवावा. पांढरी पूड लागली तर ती घासून काढून अस्तर दिल्यावाचून पुढे जाऊ नये. प्लॅस्टिकचा तुकडा कडांनी चिकटवून एक दिवस ठेवावा. मागे दव धरले तर भिंत अद्याप ओली आहे. शेवाळ केवळ खरवडून जात नाही. ब्लीचिंगच्या द्रावणाने ती मारून, धुऊन, वाळवून मगच रंग द्यावा. भेगा उघडून भराव्यात. आणि भेगांतून गंजलेली सळई डोकावत असेल तर तो रंगाऱ्याचा विषयच नव्हे, अभियंत्याचा आहे. मुंबईत ३० वर्षांहून जुन्या इमारतींच्या संरचनात्मक तपासणीचे बंधन महानगरपालिकेच्या अधिनियमातील कलम ३५३-ब अन्वये आहे. ती तपासणी व दुरुस्ती आधी, रंग नंतर, हा क्रम प्रत्येक गृहनिर्माण संस्थेने सभेच्या ठरावात नमूद करावा. पुट्टी लावावयाची तर ती पांढऱ्या सिमेंटची. प्लॅस्टर ऑफ पॅरिस बाहेर कदापि नको.

ऋतूचाही विचार हवा. गणपतीपूर्वी किंवा दसऱ्यापूर्वी घर रंगलेले असावे ही इच्छा स्वाभाविक आणि पवित्र आहे; पण भाद्रपदात पावसाने भरलेली भिंत रंगाखाली कोंडली तर तिचे पाणी पुढील उन्हाळ्यात फोडांच्या रूपाने बाहेर येते. आतील भिंती सणापूर्वी रंगवाव्यात; बाहेरच्या भिंतींस कार्तिक-मार्गशीर्षापर्यंत ऊन खाऊ द्यावे. पौष ते वैशाखाचा काळ या कामास उत्तम, आणि त्यातही सावलीच्या बाजूने, ऊन फिरेल तसे फिरत, काम करावे.

छटेविषयी इतकेच सांगणे पुरे, की लोहाचे भस्मरंग, म्हणजे गेरवे, पिवळसर, तपकिरी, तांबडे, उन्हात जवळजवळ विटत नाहीत. भडक पिवळे, गुलाबी, जांभळे हे बहुधा सेंद्रिय रंगद्रव्यांचे असतात व लवकर फिके पडतात. गडद छटा ऊन शोषून भिंत तापवितात आणि तापणे-निवणे यांच्या रोजच्या ताणाने भेगा वाढवितात. पश्चिमेच्या भिंतीस गडद निळा देण्यापूर्वी ही किंमत मनात धरावी.

खर्चाचा हिशेब डब्याच्या दरावर करण्याची पद्धत सर्वांत घातक आहे. दोन हातांत एक लिटर ॲक्रिलिक साधारणतः ५० ते ६० चौरस फूट भिंत झाकते, आणि उंच इमारतीवर परांची, मजुरी व दुरुस्ती यांचा खर्च बहुधा रंगाच्या किमतीहून अधिक होतो. म्हणून चढ्या दराचा रंग काही वर्षे अधिक टिकला, तर एक संपूर्ण परांची वाचते. याउलट बैठ्या, एकमजली, रुंद वळचणीच्या घरास, जेथे शिडीवरून काम होते, दरवर्षीचा चुना आजही सर्वांत स्वस्त पडतो. हमीपत्रे मात्र बारकाईने वाचावीत. भिंतीच्या आतून येणाऱ्या ओलीची जबाबदारी ती बहुधा घेत नाहीत, आणि बिघाड बहुतेक वेळा तेथूनच येतो.

शेवटी माणसांचा विचार. जुन्या तैलरंगांत सफेदा म्हणजे शिशाचे भस्म असे; त्याच्या विषारीपणामुळे १९२१ साली जिनेव्हा येथे आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेने इमारतींच्या आतील रंगकामात त्यावर निर्बंध घालणारा करार केला. आपल्या देशात घरगुती व शोभेच्या रंगांतील शिशाची मर्यादा दशलक्ष भागांत ९० भाग अशी १ नोव्हेंबर २०१७ पासून कायद्याने अमलात आली. त्याआधीचे रंग अजून हजारो दारांवर आणि गजांवर आहेत. ते कोरडे घासून त्यांची धूळ उडविणे रंगाऱ्यास आणि घरातील लहान मुलांस घातक आहे. भिजवून खरवडावे, तोंडाला पट्टी बांधावी, पूड गोळा करून टाकावी. दोरीच्या झुल्यावर बसून दहाव्या मजल्यावर कुंचा चालविणाऱ्या माणसास पट्टा आणि स्वतंत्र जीवनदोर देणे ही मक्त्यातील लेखी अट असावी, मक्तेदाराच्या मर्जीवर सोडलेली गोष्ट नसावी.

तात्पर्य, बाहेरच्या रंगाची निवड तीन प्रश्नांच्या उत्तरांतून झाली पाहिजे: भिंत कशाची आहे, पाणी तिच्यात कोठून येते, आणि तिच्यावर आधी काय चढविले आहे. माती, जांभा आणि चुना यांच्या भिंतीस चुन्याचाच किंवा सिलिकेटचा थर. ओलरोधक थर असलेल्या सिमेंटच्या भिंतीस निर्भेळ ॲक्रिलिक. कमी पावसाच्या मुलखातील साध्या नव्या भिंतीस सिमेंटचा रंग. झड सोसणाऱ्या उंच काँक्रीटला, ते कोरडे असल्याची खात्री झाल्यावरच, इलॅस्टोमेरिक. आणि तैलरंग केवळ लाकूड व लोखंड यांसाठी. छटेची चर्चा यानंतर हवी तितकी करावी. आपल्या जिल्ह्यांतील तंत्रनिकेतनांनी आणि नगरपालिकांनी ही एवढी माहिती साध्या मराठी पुस्तिकेच्या रूपाने घरमालकांपर्यंत पोचविली, आणि चुन्याचे काम जाणणाऱ्या उरल्यासुरल्या कारागिरांकडून नव्या रंगाऱ्यांस ते शिकविण्याची तजवीज केली, तर आपल्या गावांतील पुष्कळशा जुन्या भिंती पुढच्या पिढीस सुस्थितीत देता येतील. हे काम अल्प खर्चाचे आहे आणि त्यास आता विलंब लावू नये.